काळं तेल, लाल तेल

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला जाणता माणूस आधी दात बघतो, मग खूर, मग चाल. किमतीचं बोलणं सगळ्यात शेवटी. आमच्या गल्लीत जीपची परीक्षाही अशीच व्हायची. दारात महिंद्राची कमांडर होती. यात्रेच्या दिवसांत दोंडाईचा स्टेशनाच्या फेऱ्या, एरवी मिरचीची पोती आणि लग्नाची वऱ्हाडं, उन्हाळ्यात एखादवेळी तोरणमाळचा घाट. यात्रा उठली की तिची सर्व्हिसिंग निंबाखाली, अंगणातच.

आमच्या आबांना गिअरबॉक्स कानाने कळायचा. दुसरा गिअर टाकताना दात कुरकुरले की ते ड्रायव्हरकडे बघायचे, गाडीकडे नाही. जुन्या जीपला डबल क्लच मारावा लागे आणि तो न जमणाऱ्याला गल्लीत फारसा मान नव्हता. तेल बदलायचं ते गाडी गावाबाहेर फिरवून आणून, गरम असतानाच. खालचा नट सोडला की काळं, जड तेल पत्र्याच्या डब्यात पडायचं. मग बाजूच्या भोकातून नव्वद नंबरचं तेल भरायचं, ते भोकातून ओघळू लागेपर्यंत. मापाला बोट. आत घालून वाकवलं आणि टोकाला तेल लागलं की झालं. क्रॉसला ग्रीस, पाट्यांना उरलंसुरलं काळं तेल. त्यातूनही राहिलेलं गोठ्याच्या लाकडी खांबांना, वाळवी लागू नये म्हणून. थोडं मातीतही जिरायचं. त्या काळच्या आठवणी काढताना हे सहसा कुणी सांगत नाही, पण अंगणातला तो काळा डाग कित्येक पावसाळे गेला नव्हता.

आता त्याच निंबाखाली पुतण्याची थार उभी असते, ऑटोमॅटिक. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली आणि डोंगरात चालणारी, क्लचचं पेडल नसलेली गाडी आमच्या भागातल्या तरुणांच्या आवाक्यात आली. अमेरिकेत हे जुनंच. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबिलमध्ये हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला होता. अशा गिअरबॉक्सच्या तेलात पुढे कित्येक वर्षं देवमाशाचं तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे त्यावर बंदी आली, तेव्हा कुठे रसायनवाल्यांनी दुसरा उपाय शोधला. आजचं तेल पातळ आणि लालभडक असतं. ते नुसतं दातांना वंगण देत नाही, इंजिनाची ताकद पुढे नेणारं तेच, आतल्या क्लचप्लेटा दाबणारंही तेच आणि उष्णता वाहून नेणारंही तेच. म्हणून इथे ‘कोणतंही चालतं’ चालत नाही. पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घालायचं.

“काका, हे तेल बदलणं घरी होत नाही,” असं पुतण्या पहिल्यांदा म्हणाला होता. मला ते पटलं नाही. अंगण सपाट, गाडीखाली घोड्या नीट लावलेल्या, एवढं असलं की बाकी काम ताकदीचं कमी आणि धीराचं जास्त. वरचा भरायचा बोल्ट सुटतो का ते आधी बघायचं. तेल काढून बसल्यावर तो अडकला तर गाडी तिथेच राहते. निघालेलं तेल मोजून ठेवायचं आणि तेवढंच भरायचं. एका वेळी साधारण निम्म्याच्या आसपासच निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, म्हणून काही दिवस गाडी चालवून पुन्हा बदललेलं बरं. तेल हुंगायचं. जळका वास म्हणजे चढावर अती झालंय. दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी शिरलंय, आणि ओढ्यानाल्यात गाडी घालणाऱ्यांना ही भीती खरी आहे. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी, पिठासारखा गाळ असणारच. चकचकीत तुकडे निघाले तर मात्र गॅरेज गाठायचं. पुसायला तंतू न सोडणारं फडकं हवं. आमचा मुलूख कापसाचा, घरात चिंध्यांना तोटा नाही, पण आतल्या बारीक वाटांमध्ये एखादा तंतू अडकला तर गिअर अडखळायला तेवढंही पुरतं.

बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डीपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवायचं, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या खाचांतून फिरवायचा, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघायचं आणि पुस्तिकेत सांगितलेल्या अंशांवर आलं की पातळीचा बोल्ट उघडायचा. धार थांबून थेंब पडू लागले की बंद. मी खाली आडवा पडून हे बघत होतो आणि मला हसू आलं. भोकातून ओघळेपर्यंत भर, हीच तर आबांची रीत! फक्त बोटाच्या जागी मोबाइलवरचा आकडा आला.

गेलं ते वेगळंच काहीतरी. कमांडर थंडीत चालू होत नसली की आबा एक हाक मारायचे आणि निम्मी गल्ली धक्का द्यायला यायची. दुसऱ्या गिअरात क्लच सोडला की गाडी पेटायची. ऑटोमॅटिकला धक्का मारून चालू करता येत नाही, आणि बंद पडल्यावर चाकांवर लांब ओढत नेणंही बरं नाही. म्हणून तोरणमाळला निघताना पुतण्या मागच्या सीटखाली जंपर केबल टाकतो, आणि मी दुसरी एखादी गाडी सोबत असावी म्हणून शेजाऱ्याला फोन लावतो.