मोठा एस, छोटा एस

उर्दूत आणि मराठीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत. उर्दूचं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं दिसतं, पण अक्षर तेच. माझ्या वर्गातली मुलं इंग्रजीत कॅपिटल विसरतात, त्याला मी आळस म्हणत नाही.

माझी भाची कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कोडिंग शिकणारी ती पहिलीच. सहावीच्या मुलांसाठी तिने नोड जेएसमध्ये उर्दू-मराठी जोड्यांचा खेळ बनवला. काग़ज़-कागद, हाज़िर-हजर, असे शब्द मुलांनीच घरी विचारून आणलेले. तिच्या विंडोज लॅपटॉपवर खेळ छान चालला. सर्व्हरवर चढवला तर एकच ओळ, 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल'. सोमवारी मुलांना दाखवायचं कबूल केलेलं, आणि हा शनिवार.

"मामू, फाईल तर समोर दिसतेय. मलाच जमत नाही बहुतेक."

मी म्हटलं, कॉम्प्युटर ती शोधतो कशी, ते मला समजावून सांग. तिने सांगितलं ते असं. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ असेल, तर ज्या फाईलमध्ये ती ओळ लिहिलीय तिथून शोध सुरू होतो. मोहल्ल्यात आपण सांगतो ना, इथून दोन घरं सोडून, तसं. दोन टिंबं असतील तर एक फोल्डर वर जायचं. नुसतं नाव असेल तर नोड आधी स्वतःजवळचे मॉड्यूल बघतो, मग त्याच फोल्डरमधलं 'नोड मॉड्यूल्स', तिथे नसेल तर वरच्या फोल्डरमधलं, असं थेट मुळापर्यंत. आधी घर, मग चाचा, मग दादा! पण हाच नोड साधी मजकुराची फाईल वाचायला निघाला, की टिंब-रेघेचा अर्थ बदलतो. तेव्हा कमांड ज्या फोल्डरमधून दिली तिथून मोजायचं. एका खुणेचे दोन अर्थ. माझ्या पेपरात मी याला गुण दिले नसते.

सांगता सांगताच ती थांबली. फाईलच्या नावात मोठा एस होता, कोडमध्ये छोटा. विंडोज सहसा हा भेद मानत नाही, सर्व्हरवरचा लिनक्स मानतो. तिने फाईलचं नाव बदललं, तर विंडोजवर गिटला तो बदल दिसेना. मग 'गिट एमव्ही' या कमांडने नाव बदलावं लागलं. खेळ सुरू झाला तेव्हा इशाची अज़ान होत होती. आता तिच्या सगळ्या फाईलींची नावं छोट्या अक्षरांत असतात.

सोमवारी एका मुलीने दादीकडून नवा शब्द आणला, तारीख. मराठीत तो फक्त दिवस सांगतो, उर्दूत इतिहासालाही तारीखच म्हणतात. खेळात एका शब्दाला एकच जोडी लागते. भाची म्हणते कोड बदलते, मी म्हणतो शब्द दोनदा ठेव. अजून ठरलेलं नाही.