आधीच्या साठ जणांचे काय?

१९६८ साली अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग या तरुण सर्जनपुढे पित्ताशयाच्या दुखण्याचा एक रुग्ण आला. बारा वर्षांपूर्वी त्याचा जठराचा कॅन्सर उपचारांविना नाहीसा झाला होता! दुसरा कुणी ‘देवाची कृपा’ म्हणून गप्प बसला असता. रोझेनबर्गना प्रश्न पडला, शरीराला हे जमले कसे?

मग प्रतिकारशक्ती जागवण्याचे प्रयोग सुरू झाले. साठाहून अधिक रुग्णांना गुण आला नाही. १९८४ मध्ये मात्र इंटरल्युकिन-२ ने मेलानोमा, म्हणजे त्वचेचा जहाल कॅन्सर, झालेली एक स्त्री बरी झाली. १९९८ मध्ये अमेरिकेत मेलानोमासाठी ते औषध मंजूर झाले.

कौतुक त्या बऱ्या झालेल्या बाईंचे होते. मला मात्र आधीच्या साठ जणांचे ऋण मोठे वाटते. त्यांची नावे कुठल्या पाठात येणार?