मामाजींच्या गोळ्या

गिरडच्या टेकडीखाली आमचं प्रसादाचं दुकान आहे. फरीदबाबांच्या दर्ग्यावर जाणारं गिऱ्हाईक तिथूनच पुढे जातं. मागच्या वर्षी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, खोकला लागला. एका खाजगी दवाखान्यातून औषधाच्या बाटल्या आणून झाल्या. संध्याकाळी ताप यायचा, सदरा ढिला पडला होता. शेवटी आशाताई म्हणाल्या, "थुंकी तपासून घ्या." टीबी निघाला.

गोळ्या वजनावर ठरतात. मामाजी 42 किलोचे, म्हणून रोज तीन, त्याही एकदमच घ्यायच्या. पहिले दोन महिने चार औषधं असलेली गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची.

खोकला लवकर थांबला आणि तिथूनच घोळ सुरू झाला. एके दिवशी साखरफुटाण्याच्या डब्यामागे मला गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. मला रडूच आलं. विचारलं तर मामाजी बोलेनात.

पाकिटं आणि मामाजी, दोघांनाही घेऊन मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची दिली, राहिलेल्या गोळ्या मोजल्या आणि विचारलं, "बाबा, गोळी केव्हा घेता? आधी काय खाता? घेतल्यावर काय होतं?"

मग मामाजी बोलले. पहाटे काळ्या चहावर गोळ्या घेतल्या की मळमळायचं. लघवी लाल व्हायची, ते त्यांना रक्त वाटलं. आणि खरी भीती वेगळीच होती: "लोकांना कळलं तर आमच्या हातचा प्रसाद कोण घेईल?"

सिस्टरांनी एकेक गोष्ट सोडवली. लाल रंग औषधाचा आहे, रक्ताचा नाही. मळमळतं तर आधी थोडं हलकं खा, मग गोळ्या घ्या. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र त्याच दिवशी या. टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताट-पेल्यातून किंवा प्रसादातून नाही. सध्या तोंडाला मास्क लावा, खिडकी उघडी ठेवून झोपा. खंड महिन्याच्या आतला होता, म्हणून डॉक्टरांनी तेच औषध पुढे चालू ठेवलं; चुकलेले डोस शेवटी वाढवले.

घरी आल्यावर मामाजींनी स्वतःसाठी वेगळा काढलेला पेला मी बाकीच्या पेल्यांत ठेवला. गोळ्यांची वेळ रात्रीची केली. दर आठवड्याला आशाताई यायच्या, रिकामी पाकिटं बघायच्या. वजन वाढलं तसं मामाजी स्वतःच काटा कुठे आहे ते विचारू लागले.

टीबीच्या पेशंटला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 500 चे 1000 झालेत. ते थेट खात्यात येतात, त्यामुळे खात्याला आधार जोडलेलं आहे का ते आधीच बघून घ्या. आमचे त्यातच अडकले होते. नंतर त्यातून अंडी आणि शेंगदाणे आले.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. लेकरांना टीबी नव्हता, तरी त्यांना प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या. मामाजींचा कोर्स संपला आहे, शेवटची थुंकी निगेटिव्ह आली. आता दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायचं आहे. तारखा सिस्टरांनी कार्डावरच लिहून दिल्या आहेत.