माझा वजनकाट्यावरचा विश्वास

व्यायाम काटा खाली आणण्यासाठी करायचा, एवढीच माझी समजूत होती. नववीतल्या लेकीला दर रविवारी अनशापोटी काट्यावर उभं करायचे आणि आकडा जावेला, बहिणीला, विचारेल त्याला सांगायचे, तिच्यादेखत. याला मी काळजी म्हणत होते.

तिच्या मानेमागे काळपट, जाडसर पट्टा आला होता. बेसन-लिंबू लावून मी तो खसाखसा घासायचे. कातडी लाल व्हायची, ती गप्प बसायची. डॉक्टर म्हणाले, हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं आणि मान, काखा काळवंडतात. त्या दिवशी लेकीची माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

त्यांनी भरभर चालणं, दोरीवरच्या उड्या आणि वजनं उचलणं सांगितलं. वजनं? पोरीची जात, उंची खुंटली तर? नीट शिकवलं तर खुंटत नाही, हे त्यांनी सांगूनही मला पटलं नव्हतं. तरी जिमला पाठवलं. सहामाही परीक्षा आली, काटा होता तिथंच. "आई, जीन्सला आता पट्टा लागतोय," ती म्हणाली. मी विचारलं, "पण वजन किती?" जिमची फी बंद करायचं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

मग रिपोर्ट आले. उपाशीपोटीचं इन्सुलिन उतरलेलं, ट्रायग्लिसराइड्सही. रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तर नाही ना, असं मी खरंच विचारलं. नाव तिचंच होतं. डॉक्टरांनी समजावलं : स्नायू राबतात तेव्हा इन्सुलिनवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतात. चरबी घटते, स्नायू वाढतो. काट्याला दोन्ही सारखेच. २०१२ साली प्रसिद्ध झालेला पिट्सबर्गचा एक अभ्यासही त्यांनी सांगितला. लठ्ठ किशोरवयीन मुलगे, तीन महिने व्यायाम, जेवणात कपात नाही. धावणारे असोत की वजनं उचलणारे, दोघांच्याही पोटातली आणि यकृतातली चरबी कमी झाली. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मात्र वजनं उचलणाऱ्यांत सुधारला.

मी कागद हातात धरून बसले होते. लेक शेजारी. तिचं शरीर आतून सुधारत होतं आणि मी दर रविवारी तिला नापास करत होते. तिनं हे सोडून दिलं असतं, तर ते आळसामुळे नव्हे, माझ्यामुळे. माफी तिथंच, डॉक्टरांसमोर मागितली. "आता रविवारी झोपू दे," एवढंच ती म्हणाली.

मुलांनी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात काट्याचा उल्लेख नाही.

लेक आजही जाडच आहे. घरी आलात तर तिचं वजन विचारू नका. किती किलो उचलते, ते विचारा.