पोहन्तून आणि विद्यापीठ

अस्रनंतर कोंढव्यात कौसरबागेच्या रस्त्याला उभे राहा. दख्खनी उर्दू, मराठी आणि मधूनच फारसी कानावर पडते. फारसी बोलणारी बरीचशी मुले शिकायला आलेली. आमच्या इमारतीत काबूलचे भाऊ-बहीण राहतात. दोघेही मला 'मुअल्लिम साहेब' म्हणतात. बाईमाणसाला साहेब कसे, असे विचारले तर म्हणाले, आमच्याकडे शाळेत शिकवणारा तो मुअल्लिम, विद्यापीठातला तो उस्ताद, आणि साहेब सगळेच.

विद्यापीठाला ते 'पोहन्तून' म्हणतात. शब्द पश्तो. इराणी मुले 'दानिशगाह' म्हणतात.

बहीण २०१९मध्ये आली. बी.ए. झाले, आता गणेशखिंडीच्या आवारात अर्थशास्त्रात एम.ए.चे शेवटचे वर्ष. एका रविवारी तिने मला ते आवार दाखवले. पुण्यात वाढूनही मी मुख्य इमारत इतक्या निवांतपणे पाहिली नव्हती. मुंबईच्या गव्हर्नरांचा हा पावसाळ्यातला बंगला, १९४९पासून विद्यापीठ. झाडाखाली बसून ती दोन्हीकडच्या पद्धती सांगत होती. तिकडे बारावीनंतर देशभर एकच परीक्षा, 'कानकोर'. कोणती शाखा मिळणार ते तिच्या गुणांवर. डॉक्टरकी मागितली आणि शेतकी मिळाली, असेही होते. पदवीला चार वर्षे. इथली तीन वर्षांची बी.ए. ऐकून तिचे काका विचारतात, "एक वर्ष कुठे हरवलेस?"

तिला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. बी.ए.ला ज्या मॅडम शिकवायच्या, त्या पेपर काढत नसत! मुख्य पेपर विद्यापीठाचा. तिकडे जो उस्ताद शिकवतो तोच विचारतो आणि तोच तपासतो. मी बी.एड.वाली, लगेच आपली बाजू घेतली: यात पक्षपात कमी. ती म्हणाली, "खरे, पण वर्गात सगळे एकच विचारतात, हे परीक्षेला येणार का?" यावर मला उत्तर सुचले नाही. माझ्या नववीच्या वर्गातही हाच प्रश्न रोज येतो.

लॉकडाऊनमध्ये घरी गेलेल्या तिच्या दोन मैत्रिणी परतल्याच नाहीत. ऑगस्ट २०२१मध्ये तालिबान आले आणि अफगाणिस्तानात असलेल्यांचे भारतीय व्हिसा रद्द झाले. डिसेंबर २०२२मध्ये तिथल्या विद्यापीठांचे दरवाजे मुलींना बंद झाले. म्हणजे एम.ए. होऊन ही परत गेली तर पुढे शिकता येणार नाही, आणि तिथल्या मुलींना विद्यापीठात शिकवायचे म्हटले तर वर्गात मुलीच नाहीत. व्हिसाची मुदत मात्र शिक्षण असेपर्यंतच. भाऊ म्हणतो, पीएच.डी.चा अर्ज कर. ती म्हणते, अम्मीला पाच वर्षे पाहिले नाही.

धाकटी बहीण काबूलला घरीच आहे. सहावीनंतर तिची शाळा सुटली. रात्री जेवण झाले की ही आमच्याकडे येते, कारण आमचे वायफाय बरे चालते. ओट्याजवळच्या टेबलावर वही उघडते, गणिताचे एकेक पान स्वच्छ अक्षरात फारसीत उतरवते, मोबाइलने फोटो काढते आणि पाठवते. परवा मला म्हणाली, "मुअल्लिम साहेब, सातवीचे अपूर्णांक तुम्ही कसे शिकवता?" मी भाकरीच्या टोपलीतून एक भाकरी काढली आणि तिचे चार भाग केले.