आट्यांत तेल

ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश गाडीचं पुढचं चाक आट्यांवर वळतं. चाक धरणाऱ्या उभ्या पोलादी दांड्याच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि तो दांडा कांस्याच्या एका ठोकळ्यात, ट्रनियनमध्ये, फिरवून बसवलेला असतो. एरवी आटे असतात ते आवळण्यासाठी. इथले आटे आयुष्यभर हलायचे आहेत. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्यांच्यात फिरतो. शिवाय स्प्रिंग बसलेली असते चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या हातावर, विशबोनवर. ती विशबोनला खाली रेटते, रस्ता चाकाला वर रेटतो, आणि गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन या आट्यांना सतत ताणत राहतं. दांडा तिथे तुटला तर त्याला धरून ठेवणारं दुसरं काहीच नाही. चाक मडगार्डखाली दुमडतं आणि गाडी नाकावर बसते.

आणि तो तुटतो तो गंजामुळे. या सांध्याला तेल लागतं, गिअरचं जाड ९० नंबरचं तेल. कंपनीच्या हँडबुकातही तेच सांगितलेलं आहे. तेल आट्यांच्या फटीफटीत पसरतं आणि पाण्याला शिरायला जागा ठेवत नाही. ग्रीस मारलं तर ते तोंडाशीच अडकतं, वाळतं, आणि पुढे तेलाचीही वाट बंद करतं. मग सील म्हातारं झालं की पाणी आत शिरतं, आट्यांच्या मुळाशी गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि अशाच एखाद्या खड्ड्यातून तडा सुरू होतो. बाहेरून मात्र ग्रीसने माखलेला सांधा काळजी घेतल्यासारखा दिसतो. हेच मला सर्वांत घातक वाटतं.

हे मी पुण्यात शिकलो, नाना पेठेतल्या एका गॅरेजात, स्पिटफायर डोळ्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधी. १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड बनत होती आणि तिचं पुढचं सस्पेन्शन हुबेहूब हेच. इंग्लंडमध्ये १९५९ साली हेरल्डसाठी तयार झालेली ही रचना पुढे स्पिटफायरने घेतली. लोटसने तर हे उभे दांडे आपल्या एलानलाही लावले. आमचे वस्ताद हेरल्ड आली की आधी ग्रीसची गन बाजूला ठेवायला लावायचे. म्हणायचे, "अरे, हा सांधा पिणारा आहे, खाणारा नव्हे." मग जॅकवर चाक उचलून, डोळे मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने वळवायला सांगायचे. कुठे अडखळतं, कुठे जड जातं, ते बोटांना कळेपर्यंत सोडायचे नाहीत. आता मी कॉव्हेंट्रीजवळ काम करतो. १९६२ ते १९८० स्पिटफायर ज्या कॅनलीच्या कारखान्यात बनली, तो इथलाच. पण चाक वळवताना अजून डोळे मिटतो.

पुण्यात शत्रू होता धूळ. इथे आहे मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चिखलाबरोबर चेसिसच्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन बसतं. इंजिनाखालचा भाग तेलगळतीने बऱ्याचदा ठणठणीत राहतो. सडतात ते बाहेर आलेले हात, डिफरन्शियल टांगलेली जागा आणि पेटीसारख्या बंद नळ्यांचं आतलं अंग. जुन्या मालकांनी वरून जाड डांबरी थर मारलेला असेल तर मी आधी तो खरवडतो. अशा थराखाली पाणी वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. हातोडीचा टोला वाजला पाहिजे. भद्द आवाज आला तिथे पत्रा संपलेला आहे, वरचा रंग कितीही चकाकू दे.

स्पिटफायरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. हेरल्डच्या चेसिसला बाजूचे लांब बार होते. स्पिटफायरसाठी चेसिस आखूड करताना ते काढून टाकले आणि तो भार दारांखालच्या सिल्सवर दिला. म्हणजे इथे सिल हा नुसता शोभेचा पत्रा नव्हे, गाडीचा ताठपणा त्याच्यावर आहे. दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापले तर बॉडी मधोमध बसते आणि नंतर दार कधीच नीट लागत नाही. म्हणून मी बॉडी चेसिसवर बोल्ट केलेलीच ठेवतो, दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी बार वेल्ड करतो, आणि एका वेळी एकच बाजू कापतो. पत्रा टाचल्यावर दर वेळी दार लावून फट बघायची. फट वर-खाली सारखी असेपर्यंत पूर्ण वेल्डिंगला हात लावायचा नाही. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण बाकीच्या सगळ्या मापांचा पाया तोच आहे.

मागच्या बाजूला डिफरन्शियलच्या डोक्यावर पोलादी पानांची आडवी कमान, म्हणजे मागची स्प्रिंग, आणि दोन्हीकडे झुलणारे अर्धे अॅक्सल. वळणावर घाबरून एकदम अॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग उचलला जातो आणि चाकं आत दुमडू लागतात. या स्वभावामुळे ही गाडी बदनाम झाली होती. १९७० च्या मार्क फोर आवृत्तीत कंपनीने कमानीचं एकच पान घट्ट धरलं आणि बाकीची मध्यावर डोलती ठेवली. एवढ्याशा बदलाने गाडी शहाणी झाली. मार्क फोरवर आधीच्या गाडीची कमान बसवली की तो शहाणपणा हरवतो. कमान उघडून बघितली तर पानांच्या टोकांमधल्या गुंड्या झिजून नाहीशा झालेल्या आणि एका पानाने दुसऱ्यावर चर पाडलेले, असं हमखास दिसतं. बसलेल्या कमानीखाली पॅकिंग घालून उंची परत मिळवणं मला मान्य नाही. गाडी उभी असताना बरी दिसते, कमान मात्र मेलेलीच असते.

ब्रेकच्या नळ्या आणि शॉकअप नवे घालायचे, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. विचार लागतो रबरी बुशना. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं आणि विशबोन हलतो तेव्हा रबर पीळ खातं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर खाली उतरवल्याबरोबर सगळी रबरं कायमची पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात. म्हणून बोल्ट आधी सैल लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन माणसं आत बसवायची, गाडी थोडी पुढे-मागे ढकलायची, आणि मग खाली सरपटत जाऊन शेवटचा पाना मारायचा. अवघड आहे, पाठ दुखते, पण दुसरा रस्ता नाही. विशबोनच्या कंसामागची पातळ पॅकिंगंही ज्या जागची त्याच जागी. काढतानाच मी ती तारेत ओवून कंसाला बांधतो. चाकाचा कल त्यांच्यावर ठरतो.

हल्ली मालक येतात ते फोटो घेऊन. खालचा प्रत्येक तुकडा पावडर कोटिंग केलेला, काळा, काचेसारखा. मी नाही म्हणतो असं नाही; पण जिथे लोखंडावर लोखंड आवळलं जातं तिथे कोटिंग खरवडून काढतो. तो जाड थर दाबाखाली हळूहळू बसतो आणि बोल्ट सैल पडतात. एकदा चीर पडली की आतून गंज पसरतो आणि चकचकीत कातडीखाली तो दिसतही नाही. मला झिंकचा प्रायमर, त्यावर साधा रंग आणि बंद नळ्यांत आतून फवारलेलं मेण जास्त विश्वासाचं वाटतं. ओरखडा उठला तर कळतो, आणि ब्रशने पुन्हा भरता येतो.

ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपात मोठा बदल न झालेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची राहिलेली नाही. शेवटची स्पिटफायर १९८० ची, म्हणजे आता जवळजवळ सगळ्याच या सवलतीत आल्या. या गाड्या थोड्याच चालतात आणि हौशी मालक त्यांना जपतात, असं यामागचं म्हणणं. मला ते पटत नाही. ट्रनियन चालवून जितका खराब होतो, त्याहून जास्त ओलसर गॅरेजात उभा राहून होतो. मी प्रत्येक मालकाला स्वखुशीने तपासणी करून घ्यायला सांगतो, आणि तेवढ्यावर थांबत नाही. कारण चाक हलवून पाहणाऱ्या तपासनिसालाही आतले आटे दिसत नाहीत. दांडा बाहेर काढून, धुऊन, लाल रंग आणि पांढरी पावडर लावून तडा शोधावा लागतो. रेघ उमटली, कितीही पुसट असली, तरी तो दांडा भंगारात.

काम पुरं झालं की मालकाला कपडे मळले तरी चालतील असे घालून बोलावतो. तेलाची गन त्याच्या हातात देतो. वरच्या सीलपाशी तेल पाझरताना त्याने स्वतः पाहिलं पाहिजे, चाक दोन्हीकडे वळवून पुन्हा गन मारली पाहिजे, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच केलं पाहिजे. किल्ली त्यानंतरच देतो.