राणीचं बाळंतपण

मुलीला वीस उलटून गेली की 'यंदा कर्तव्य आहे का' असं विचारणारी मंडळी भेटू लागतात. आमच्या घरी मुलगी नाही, पण हा अनुभव मला राणीने दिला. राणी आमची लॅब्रॅडॉर कुत्री. ती वर्षाची झाली नाही तोच शेजारच्या काकू, ह्यांच्या कचेरीतले मित्र, अगदी दूधवालासुद्धा विचारू लागला, "वहिनी, पिल्लं कधी?" सासूबाईंचं म्हणणं, मादीला एकदा तरी व्यायलाच हवं, नाहीतर तिला आजार जडतात.

मी जनावरांच्या डॉक्टरांना सरळच विचारलं. ते म्हणाले, "तब्येतीसाठी एकदा व्यायलाच हवं, असं काही नसतं. पिल्लं नको असतील तर ऑपरेशन करून टाका. उलट ऑपरेशन न केलेल्या मादीच्या गर्भाशयात उतारवयात पू होण्याचा धोका असतो. आणि पिल्लं हवी असतील, तर आधी घरं शोधा, मग नर शोधा."

हे वाक्य मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आणि त्याखाली पिल्लू मागणाऱ्यांची नावं मांडली. तोंडाने मागणारे वीस होते. "लसी, खाणं, रोजचं फिरवणं आणि दहा-बारा वर्षांची सोबत, हे झेपेल ना?" असं विचारल्यावर सहा उरले.

राणी पहिल्यांदा माजावर आली तेव्हा नऊ महिन्यांची होती. म्हणजे अजून अंगाने वाढणारी पोरच! तो माज आणि पुढचाही आम्ही जाऊ दिला. 2017 साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. दीड वर्षाच्या आत मादीला फळवायचं नाही, आठ वर्षांनंतर नाही, जन्मभरात पाचांहून अधिक वेतं नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, असं त्यात आहे. पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणीही करायची असते. ती आम्ही केली, तेव्हा हे हसले. म्हणाले, "लग्नाची नोंदणी करायला आपल्याला दोन वर्षं लागली होती!"

राणी दोन वर्षांची झाल्यावर तिच्या खुब्यांचा एक्स-रे काढला. लॅब्रॅडॉर आणि अल्सेशियन जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचं दुखणं रक्तातूनच येतं. आईबापांचे सांधे चांगले असले म्हणजे पिल्लांना ते होणारच नाही असं नाही, पण धोका पुष्कळ कमी होतो. राणीचे सांधे उत्तम निघाले.

मग स्थळं पाहणं सुरू झालं. पहिलं स्थळ मोठं तालेवार होतं. कपाटभर चषक आणि भिंतीवर सोनेरी चौकटीतली प्रशस्तिपत्रकं. मी खुब्याच्या एक्स-रेचं विचारलं तर मालक म्हणाले, "बाई, इथं असलं कुणी विचारत नाही." मी चहा पिऊन उठले.

दुसऱ्या नराचा एक्स-रे होता, स्वभावही शांत. पण केनेल क्लबचा कागद उलगडून पाहते तर त्याचे आणि राणीचे आजोबा एकच! सासूबाई म्हणाल्या, "अगोबाई, हे तर सगोत्र झालं." त्या म्हणाल्या ते खरंच होतं. जवळच्या रक्तात जोडी लावली की घराण्यातले लपलेले दोष एकत्र येऊन पिल्लांत उघडे पडतात. मैत्रिणींनो, कागदाबद्दल एक लक्षात ठेवा. तो पिल्लू कुणाचं ते सांगतो, निरोगी आहे की नाही ते सांगत नाही.

तिसरं स्थळ जमलं. पुढचे त्रेसष्ट दिवस घरात डोहाळजेवणच होतं. शेवटच्या तीन आठवड्यांत राणीचा आहार वाढवला. सासूबाईंनी डिंकाचे लाडू करायला घेतले. मी त्यांना थांबवलं, कारण त्यात बेदाणे होते आणि बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारखी. अखेर अंडं आणि खिमट यांवर तडजोड झाली.

बाळंतपणाची वेळ ओळखायची एक खूण डॉक्टरांनी सांगितली होती. कुत्र्याच्या अंगाची उष्णता एरवी एकशे एक-दोन असते. व्यायच्या आधी दिवसभरात ती नव्व्याण्णवच्या खाली उतरते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात मी रोज दोनदा थर्मामीटर लावत होते. उष्णता उतरली त्याच रात्री जुन्या पलंगाच्या फळ्यांच्या पेटीत राणी सात पिल्लं व्याली.

पहिले पंधरा दिवस पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही. पुष्कळ पिल्लं दगावतात ती गारठ्याने. आम्ही गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवत असू, म्हणजे उकडलं तर त्यांना लांब सरकता यावं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येकाचं रोज वजन होई. सर्वांत लहान पिल्लाचं वजन तिसऱ्या दिवशी वाढलं नाही, तेव्हा त्याला दर दोन तासांनी भरल्या आचळाशी धरून बसले. आठवड्याने तेच सगळ्यांना ढकलून पुढे घुसू लागलं.

याच दिवसांत एक गृहस्थ आले. त्यांना दोन माद्या हव्या होत्या आणि तेही पस्तीसाव्या दिवशी. दर पिल्लामागे इतरांपेक्षा दीडपट देत होते. ह्यांना गच्चीच्या गळतीची काळजी होती, ते हळूच म्हणाले, "दे ना, चांगले खाऊपिऊ घालतील." मी म्हटलं, "आधी त्यांची जागा तर बघून येऊ."

गेलो. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पिंजरे होते. एकात एक अल्सेशियन मादी पडली होती. आचळं जमिनीला टेकलेली, केस झडलेले. आम्ही जवळ गेलो तरी तिने मान उचलली नाही. "हे कितवं वेत?" मी विचारलं. "मोजतंय कोण! प्रत्येक माजाला एक," ते म्हणाले. परतताना हे स्कूटरवर एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन राणीच्या पेटीजवळ बसले आणि म्हणाले, "गच्ची पुढच्या वर्षी करू."

पिल्लं साठ दिवसांची झाल्यावरच गेली. तोवर जंताचं औषध आणि पहिली लस झाली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आई आणि भावंडांमध्ये राहून चावायचं किती आणि थांबायचं कधी, हे ती शिकली होती. प्रत्येक घराकडून एका कागदावर लिहून घेतलं, 'सांभाळणं न जमल्यास पिल्लू परत आणून देऊ, परस्पर कुणाला देणार नाही.' सहा घरी सहा गेली. ते लहानगं आमच्याकडेच राहिलं.

एक्स-रे, लसी, दूध-अंडी, नोंदणी सगळा खर्च वजा जाता उरलं ते गच्चीच्या डांबरालाही पुरलं नसतं. घरगुती जोडधंदा म्हणून कुणी याकडे पाहत असेल, तर तिने आधी हे गणित मांडावं.

दीड वर्षाने एक पिल्लू खरोखर परत आलं. त्या घरच्यांची बदली झाली, मुंबईत दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालं. बाई रडतच घेऊन आल्या. सासूबाई म्हणाल्या, "रडू नका हो, माहेरीच आलाय तो." दोन महिन्यांत त्यालाही चांगलं घर मिळालं. राणीचं मात्र आम्ही त्या एका बाळंतपणानंतर ऑपरेशन करून घेतलं.

तुमच्यापैकी कुणी जातिवंत पिल्लू घेणार असेल, तर रंग आणि नाक बघण्याआधी आई दाखवा म्हणावं. ती कुठे राहते, कशी दिसते, तिचं हे कितवं वेत, ते विचारावं. आईबापांच्या तपासणीचे कागद मागावेत. आई दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर पिल्लू कितीही गोजिरवाणं असो, पर्स उघडू नये. त्या शेडमधल्या मादीची सुटका आपल्या हातात नसेल, पण तिच्या पुढच्या वेताला गिऱ्हाईक व्हायचं की नाही, हे तर आपल्याच हातात आहे.